दुपारचं मॉडेल

आमचे सर इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी थांबले की मी थोडी मागे सरकून पलीकडच्या दुकानांच्या पाट्या वाचत असे. पुढचा प्रश्न मला पाठ होता. "अहो, हे चालतं कसं?" इस्त्रीवाला आधी हातातल्या इस्त्रीकडे बघायचा, मग सरांकडे. सरांना इस्त्रीत काडीचा रस नसायचा. एका शर्टामागे काय मिळतं, कोळशाला काय जातं, जागेला काय, आणि संध्याकाळी घरी काय नेता, हे त्यांना हवं असायचं. मी कुणाला असं विचारलं असतं तर तीच इस्त्री अंगावर आली असती. सरांना मात्र लोक स्टूल पुढे करायचे आणि बायकोच्या गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगून मोकळे व्हायचे.

मंडईत लिंबं विकणारी बाई, स्वारगेटला उभ्या बसमध्ये चढून खारे दाणे विकणारा माणूस, आमच्या गल्लीतला घड्याळं दुरुस्त करणारा, कुणीच त्यांच्या तावडीतून सुटलं नाही. उत्तर ऐकताना सरांचे डोळे अर्धे मिटलेले असत, गाणं ऐकणाऱ्या माणसाचे असतात तसे. मग परत येताना स्वतःशीच म्हणायचे, "तोंडमिळवणी होते हो त्यांची. किती छान." पुढचा सगळा रस्ता ते त्याच आनंदात चालत.

एकाच धंद्याला त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नाही. तो धंदा त्यांचा स्वतःचा होता.

कर्वेनगरात एका झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या होत्या. तिथून आम्ही एक फोन चालवायचो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी नंबर लावायचा, की पलीकडून यंत्र मराठीत बोलू लागायचं. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ती. गोळ्यांच्या पाकिटावर काय लिहिलंय, विजेचं बिल मोबाइलवर कसं भरायचं, साबुदाणा चिकट का झाला, काहीही विचारा. मुलं परदेशातून महिन्याचे ठरावीक पैसे भरायची आणि आईवडील इथे हवं तेवढं बोलायचे. 'हवं तेवढं' हे शब्द सरांनी जाहिरातीत ठळक छापून घेतले होते. पुढचं सगळं रामायण त्या दोन शब्दांमुळे घडलं.

त्याआधी मी एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची. प्रकाशकांनी गाशा गुंडाळला आणि मी सरांकडे आले. यंत्राचं मराठी माणसांत आणायचं, हे माझं काम. ते फोन उचलल्याबरोबर म्हणायचं, "नमस्कार, मी आज आपल्याला कशा प्रकारे सहाय्य करू शकतो?" मी ते काढून तिथे "बोला" असं घातलं. सर इतके खूश झाले की त्यांनी मला अर्ध्या चहाऐवजी पूर्ण चहा मागवला.

मुलाखतीतही त्यांनी मला मराठीबद्दल काहीच विचारलं नव्हतं. म्हणाले, "आपण दुपारी झोपता का?"

"नोकरीत नाही," मी म्हटलं.

"आणि घरी?"

"रविवारी."

"उठल्यावर कसं वाटतं?"

खरं सांगायचं तर मला उठल्यावर भयंकर वाटतं. चार वाजलेले असतात, घर गप्प असतं, आणि आपण कोण, कुठे, हे क्षणभर कळत नाही. मी तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "सकाळी दूधवाला येतो, कामवाली येते, भाजी असते. संध्याकाळी बाग आहे, देऊळ आहे, मालिका आहेत. दुपारचं काय? दुपारी कुणी येत नाही हो." एवढं बोलून मला नोकरी दिली.

नंतर कळलं, हे सगळं त्यांच्या आईवरून आलेलं होतं. नदीपलीकडच्या एका गावातलं त्यांचं शेतकरी घर. शहर पसरत पसरत गाव गिळून गेलं, जमीन बिल्डरला गेली, आणि त्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत आठव्या मजल्यावर त्यांना घर मिळालं. शेतात असताना आईची दुपार म्हणजे बांधावर चार बायका, भाकरी आणि गप्पा. आठव्या मजल्यावर ती दुपारी दार उघडं ठेवून बसायची, लिफ्टचा आवाज आला की मान वर करायची. लिफ्ट दुसऱ्याच मजल्यावर थांबायची. आई गेल्यावर सरांनी चांगली नोकरी सोडली आणि हा फोन काढला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही जिना उतरताना, पाठमोरे असताना. मला त्या दिवशी त्यांची फार माया वाटली.

एरवी मात्र ते वैताग आणायचे. खोलीतून दोन मिनिटांसाठी बाहेर गेलं तरी पंखा बंद झाला पाहिजे. आम्ही सगळे घामाघूम होऊन मीटिंगमधून उठायचो आणि सर शेवटी थांबून बटण बंद करायचे. पुढे पुढे माझाच हात आपोआप बटणाकडे जायला लागला, अगदी स्वतःच्या घरीसुद्धा. चहा अर्धा, कागद पाठकोरे, रबरबँड डब्यात जपून ठेवलेले. आणि हाच माणूस यंत्रावर मिनिटामिनिटाला पैसा ओतत होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. मी एकदा टोमणा मारलाच. म्हणाले, "पंखा दिसतो ना, मॅडम. जे दिसतं तेच महाग वाटतं."

ते न दिसणारं नेमकं काय होतं, ते मला त्यांच्याकडूनच समजलं. यंत्राचं डोकं, ज्याला मॉडेल म्हणतात ते, आमचं नव्हतं. परदेशातल्या एका मोठ्या कंपनीचं डोकं आम्ही भाड्यानं वापरायचो. कुणी प्रश्न विचारला की तो तिकडे जायचा, उत्तर घेऊन यायचा, आणि प्रत्येक खेपेला रिक्षासारखं मीटर पडायचं. लांब बोलणं, लांब भाडं. सरांना त्या भाड्यापेक्षा त्या प्रवासाचंच जास्त वेड होतं. समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर घारी बसायच्या, उठून गोल फिरायच्या. सर खिडकीत उभे राहून त्यांच्याकडे बघत म्हणायचे, "आत्ता काकूंचा साबुदाणा समुद्राखाली असेल." मग हळू आवाजात, "तिकडे आता पहाट. एवढं मोठं दालन, आत माणूस नाही, नुसत्या यंत्रांच्या रांगा. बारीक दिवे लुकलुकताहेत. यंत्रं तापू नयेत म्हणून गार पाणी फिरतंय. आणि त्या सगळ्यातून आपला साबुदाणा चाललाय." तेवढ्यात आतल्या खोलीत यंत्र काकूंना सांगायचं की पाणी जास्त झालं. सर सुस्कारा सोडून जागेवर येऊन बसत.

या काकू आमच्या सगळ्यात बोलक्या गिऱ्हाईक. दोन गल्ल्या सोडून एका सोसायटीत राहायच्या. नवरा गेलेला, मुलगा कॅनडात. इतर लोक यंत्राला पाककृती विचारायचे, काकू यंत्राला सांगायच्या. यंत्र ऐकून घ्यायचं, दाद द्यायचं, आणि त्या दादेचंही आम्हाला मीटर पडायचं. त्यांचा मुलगा महिन्याला जे भरायचा ते पहिल्या आठवड्यातच संपायचं. पुढचे तीन आठवडे त्यांच्या चकल्या आणि थालीपिठं आमच्या खर्चानं समुद्र ओलांडायची. आणि असं एकट्या काकूंचंच नव्हतं. जितके लोक वाढले तितका तोटा वाढला. आमच्याकडची पोरं, म्हणजे इंजिनिअर मंडळी, नवीन गिऱ्हाईक आलं की टाळ्या वाजवायची आणि हिशेब बघणारे कपाळाला हात लावायचे.

असा आतबट्ट्याचा व्यवहार सरांनी मांडलाच कसा, याचं उत्तर एका खाणावळीत आहे. शिकत असताना ते जिथे जेवायचे तिथे महिन्याचे पैसे ठरलेले आणि जेवण पोटभर. सरांनी मालकांना अर्थातच विचारलं होतं, हे चालतं कसं. मालक म्हणाले, "पोट आपल्या बाजूनं असतं. खाऊन खाऊन माणूस किती खाईल?" हे उत्तर सरांना इतकं आवडलं की त्यांनी आमच्या फोनचे दर त्याच धर्तीवर ठेवले. महिन्याचे ठरावीक, बोलणं पोटभर. पुढे एकदा मान खाली घालून मला म्हणाले, "बोलण्याला पोट नसतं, मॅडम. हे माझ्या लक्षातच आलं नाही बघा."

त्यांचे थोरले बंधू अधूनमधून ऑफिसात यायचे. पांढरा शर्ट, पांढरी गाडी, बोटांत अंगठ्या. जमिनीचे पैसे त्यांनी आणखी जमिनीत घातले होते आणि धाकट्याचे पैसे कुठे जातात ते बघायला ते यायचे. एकदा त्यांनीच तो प्रश्न विचारला. "काय रं, ह्यो तुझा धंदा चालतो कसा?"

सर रंगात आले. घरच्या बोलीत शिरले. "आपन तोट्यात हाय, खरं हाय. पर आपल्याला डोकं भाड्यानं देत्यात ती कंपनीबी तोट्यात हाय. आपल्याला परवडावं म्हनून स्वस्तात देतीया. तिला पैसा पुरवनारं म्हनत्यात, पुढं लई फायदा हुईल, तवर सोसा."

बंधूंनी बोटातली अंगठी फिरवली. "म्हंजी समदी एकमेकाच्या खांद्यावर बसल्यात म्हन. पार खाली कोन हाय?"

"खाली?" सर म्हणाले. "खाली काकू हायेत."

बंधूंनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसायला घेतला.

काकूंच्या खांद्यावर एवढं ओझं पेलणार नाही हे दिसायला लागलं तेव्हा सरांनी पहिला उपाय काढला. उत्तरं आखडती घ्यायची. शब्द कमी, मीटर कमी. ते काम माझ्याकडे आलं आणि मी मनापासून केलं, कारण तसं बोलायला मला शिकावं लागलं नव्हतं. कुणी विचारलं, "आज पाऊस येईल का हो?" तर यंत्र म्हणे, "छत्री न्या." कुणी म्हटलं, "मुलगा फोनच करत नाही," तर, "आपण केलात का?" कुणी म्हटलं, "मला काही सुचत नाही," तर, "मग ठेवा."

इतर कुठल्याही गावात लोकांनी फोन ठेवला असता. इथे त्यांनी बाह्या सरसावल्या. कोथरूडचे एक आजोबा, एरवी आठवड्यातून एकदा औषध विचारणारे, आता रोज सकाळी यंत्राला बोलायची रीत शिकवायला फोन करू लागले. यंत्र म्हणे, "आपला मुद्दा?" की आजोबा पुन्हा पहिल्यापासून सुरू. एक बाई तर मैत्रिणींना घरी बोलावून स्पीकरवर यंत्राशी भांडायच्या. महिनाअखेरीला बिल असं फुगून आलं की हिशेबाच्या माणसानं खुर्ची ओढून घेतली. सर मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "चूक माझी. तुटक बोलणं म्हणजे इथे गप्पांचं आमंत्रण. जन्मभर इथे राहून मला हे कळू नये?"

हसणं फार टिकलं नाही. डोकं भाड्यानं देणाऱ्या कंपनीनं भाव वाढवला. त्यांचंही भागत नसणार. आता आम्ही दर वाढवले तर मुलं फोन बंद करणार, हे उघड होतं. पोरांपैकी एकानं सुचवलं, बोलता बोलता जाहिरात करू. कुणी गुडघा दुखतो म्हणालं की यंत्रानं अमुक तेल लावा म्हणायचं, तेलवाले पैसे देतील. सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "गुडघा दुखतो हे माणूस विश्वासानं सांगतं. ते नको."

राहिला एकच मार्ग. सगळ्यात जास्त फोन दुपारी यायचे, तर दुपार बंद करायची. मी सूचना लिहून दिली: दुपारी एक ते चार सेवा बंद राहील. गंमत म्हणजे एकही तक्रार आली नाही. पुण्यात दुपारी बंद असलेल्या गोष्टीबद्दल तक्रार कोण करणार? उलट कोथरूडच्या आजोबांनी कळवलं की आता हे यंत्र आपलं वाटायला लागलं. पोरं हसली, मीही हसले. सरांनी डब्यातली अर्धी पोळी तशीच ठेवली होती. "ज्या वेळेसाठी फोन काढला," ते म्हणाले, "तीच वेळ बंद केली."

नंतर काही दिवसांनी मी दुपारी घरी जेवायला गेले आणि चष्मा ऑफिसातच राहिला म्हणून परत आले. गल्ली निजलेली होती. झेरॉक्सवाल्यानं शटर अर्धं ओढून त्याच्या आड पथारी पसरली होती. वर आमच्या खोल्यांत कुणी नव्हतं, आणि तरी आतल्या खोलीत पंखा चालू होता. सरांच्या राज्यात रिकाम्या खोलीत पंखा! मी दार लोटलं.

खोली रिकामी नव्हती. सर आरामखुर्चीत पडले होते, चष्मा कपाळावर, फोन बाजूच्या स्टुलावर. पडदा ओढलेला, त्यातून पिवळा उजेड झिरपत होता. फोनवरून एक बारीक, संथ घोरणं ऐकू येत होतं, आणि सरही त्याच लयीत घोरत होते. काही क्षण मी तशीच उभी राहिले. मला स्वतःलाच पेंग यायला लागली. मग सवयीनं माझा हात बटणाकडे गेला आणि मी पंखा बंद केला.

पंख्याचा आवाज थांबल्याबरोबर दोघंही दचकून उठली. सर म्हणाले, "बोला!" फोनमधून काकू म्हणाल्या, "अगंबाई, कुठवर आले होते मी?"

"मोहरी तडतडली," सर म्हणाले, अगदी यंत्राच्या आवाजात, एकसुरी आणि नम्र. "हिंग आधी की हळद?"

सूचना लावली होती ते खरंच. पण त्या वेळात कुणी फोन केलाच तर तो सरांकडे यावा, असं त्यांनी करून ठेवलं होतं. कोण करतं ते बघावं म्हणून. पहिल्याच दिवशी काकूंनी केला. पुढे आणखी काही जणांनी. सर उचलायचे आणि म्हणायचे, "बोला." मी माणूस आहे असं ते सांगत नसत, यंत्र आहे असंही सांगत नसत. "लपवत नाही हो," मला म्हणाले. "कुणी विचारलं तर सांगेन. काकू एवढंच म्हणतात, दुपारी तुझा आवाज बसलेला असतो रे, काढा घेत जा." मग थोडं ओशाळून, "लोकांचे पैसे धंद्याला घेतल्यापासून मला रात्री झोप नाही, मॅडम. दुपारी काकू फोडणीपाशी आल्या की डोळा लागतो."

मी चष्मा घेतला, पंखा पुन्हा लावून दिला आणि खाली आले. कुणाला काही बोलले नाही. पण तीन खोल्यांत गुपित किती दिवस राहणार? पोरांना कळलं. दुपारी ती चपला हातात घेऊन जिना चढायला लागली.

मग ती मीटिंग झाली. आमच्याकडचे पैसे संपत आले होते. पुढचे पैसे घालणार की नाही, ते ठरवायला गुंतवणूक करणाऱ्या बाई बंगळुरूहून आल्या. मूळच्या नागपूरच्या, हुशार, आणि स्वभावानं मुळीच वाईट नाहीत. त्या नाही म्हणाल्या की फोन बंद, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. भिंतीवर आलेख लागले. सकाळ तोट्यात, संध्याकाळ तोट्यात. बाई पेनानं टेबलावर टकटक करत होत्या. अचानक ती टकटक थांबली.

"एक मिनिट. हे आफ्टरनूनला काय आहे? कॉस्ट जवळपास झिरो. आणि लोक सगळ्यात जास्त वेळ लाइनवर. कोणतं मॉडेल वापरताय तुम्ही दुपारी?"

 पोरं आपापल्या बुटांकडे बघत होती.

"अहो, हेच तर सगळी इंडस्ट्री शोधतेय," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "हे दिवसभर चालवा. चालणार असेल तर माझी तयारी आहे. आज, आत्ता सांगते."

माझ्या शेजारचा पोरगा सरांकडे झुकून कुजबुजला, "सर, प्रोप्रायटरी म्हणा. आमचं गुपित आहे म्हणा, बास." मलाही वाटलं, म्हणावं. एक शब्द, की पैसे आले असते. पोरांचे पगार, माझा पगार, काकूंची सकाळ, कोथरूडच्या आजोबांची भांडणं, सगळं वाचलं असतं. खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. मी सरांकडे बघत होते. सर खिडकीबाहेर बघत होते. टाकीवरून एक घार उठली, पंख न हलवता वर वर गेली. सर ती दिसेनाशी होईपर्यंत थांबले.

"मॅडम," ते म्हणाले, "ते मॉडेल मी आहे."

बाई हसल्या. "म्हणजे तुमच्या आवाजावर ट्रेन केलंय?"

"नाही. मीच बसतो. एक ते चार. ती लांब सरळ रेघ दिसतेय ना, तिथे आम्ही झोपलोय."

पोरांपैकी कुणाला तरी हसू फुटलं आणि लगेच विझलं. बाईंनी आलेखाकडे पाहिलं, मग सरांकडे. "मग कॉस्ट झिरो नाहीये, सर. तुम्ही ती लपवलीय."

"बरोबर आहे," सर शांतपणे म्हणाले. "पण सकाळच्या मॉडेलची तरी खरी किंमत आपल्याला कुठे दिसते? ते देणारे तोटा सोसून देताहेत. तिथली किंमत समुद्रापलीकडे आहे. इथली आपल्यासमोर बसलीय, एवढाच फरक."

बाईंनी लॅपटॉप मिटला. रागानं नाही. जिना उतरताना त्या मधल्या पायरीवर थांबल्या आणि मला म्हणाल्या, "माझी आई नागपूरला एकटी असते. दुपारी खूप बोअर होते तिला." मग उतरून गेल्या. पैसे आले नाहीत, येणारच नव्हते. एवढं होऊनही त्या दिवशी मला सरांचा जो अभिमान वाटला तसा आयुष्यात फार थोड्या माणसांचा वाटला आहे.

फोन बंद करायचं ठरलं. पोरांना दुसरीकडे नोकऱ्या मिळाल्या, मलाही शाळेची पुस्तकं तपासायचं काम मिळालं. मुलांना परदेशात ईमेल गेले. काकूंना मात्र घरी जाऊन सांगा, असं सरांनी मला सांगितलं. स्वतः जायला ते धजले नाहीत.

काकूंनी मला आग्रह करून चकली खायला लावली. मी कसंबसं सांगितलं की यंत्र बंद होणार, आणि दुपारचं जे होतं ते, म्हणजे ते तसं यंत्र नव्हतंच.

"माहितेय हो," काकू म्हणाल्या. "यंत्र कधी घोरतं का?"

"मग आपण कधी बोलला नाहीत?"

"त्यांना वाटत होतं मला माहीत नाही. वाटू दे म्हटलं. बोलले असते तर उगाच अवघडले असते." त्यांनी ताटली पुढे सरकवली. "माझं एक सोडा. मी रेडिओ लावीन, काहीतरी करीन. पण त्या माणसाला झोप कशी लागायची हो आता?"

मी हातातली चकली ताटलीत ठेवली. मी पर्समधून पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला सरांचा स्वतःचा नंबर लिहून दिला.

त्यानंतर बरेच महिने मी सरांकडे फिरकले नाही. मध्यंतरी त्यांच्या गावाच्या बाजूला काम निघालं म्हणून गेले. सर आठवा मजला सोडून बंधूंकडे राहायला आले होते. चारही बाजूंनी उंच इमारती आणि मधे उरलेलं एक जुनं बैठं घर, बंधूंनी घेतलेलं. बंधू ओट्यावर बसले होते. मला बघून आवाज खाली आणत म्हणाले, "आत हाय. जरा हळू जावा. कामावर हाय त्यो."

आतल्या खोलीत तीच आरामखुर्ची होती आणि स्टुलावर फोन. पडद्यातून तसाच पिवळा उजेड. सरांचे केस आणखी पिकले होते, पण चेहरा भरला होता, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. मला बघून ते हसले आणि खुणेनं बसायला सांगितलं. मी बसले, खोलीकडे पाहिलं, आणि इतकी वर्षं तोंडाशी येऊन परत गेलेला प्रश्न शेवटी विचारला.

"सर, हे चालतं कसं?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि फोनकडे मान केली. पलीकडे काकूंचा डोळा लागला होता. मी गप्प बसून ऐकत राहिले. बाहेर लांब कुठेतरी बांधकामाचा आवाज होता, तोही थोड्या वेळानं थांबला. सरांची मान हळूहळू एका बाजूला कलली आणि त्यांचा श्वास काकूंच्या श्वासाला जाऊन मिळाला.

मी उठले. दाराशी आल्यावर माझा हात सवयीनं पंख्याच्या बटणावर गेला. तो मी मागे घेतला आणि पाऊल न वाजवता बाहेर आले.